टाकीचं विरजण

आमचे भावजी रोज सकाळी सहा वाजता टाकीला कान लावून उभे राहत. लोक दाराला कान लावतात ते आतलं भांडण ऐकायला. भावजींना आत काय पचतंय ते ऐकायचं असे. भाजीबाजाराच्या मागच्या आवारात अर्धी जमिनीत गाडलेली आणि वर घुमट असलेली ती पालिकेची गॅसची टाकी, आणि भावजी तिच्या देखभालीवर नेमलेले. बाजारातला सडका पाला, खानावळींचं उष्टं आणि गोठ्यांतलं शेण तिच्या पोटात जायचं आणि त्यातून निघणारा गॅस नळीनं रस्त्यापलीकडच्या प्रसूतिगृहात पोचायचा. तिथे त्यावर पाणी तापायचं. म्हणजे गेल्या अकरा वर्षांत त्या प्रसूतिगृहात जन्मलेलं प्रत्येक बाळ पहिल्यांदा न्हालं ते सडक्या कोबीच्या जिवावर. हे सांगितलं की लोक नाक मुरडतात, पण बाळांची अजून तक्रार आलेली नाही.

मी त्यांची मेहुणी. ताई आणि भावजींच्या घरात मागच्या खोलीत राहते आणि पालिकेच्या कचेरीत टायपिस्ट आहे. लग्न केलं नाही. का, ते विचारायचं नाही. बावीस वर्षं मी साहेब लोकांचं म्हणणं कागदावर उतरवते आहे. बोटं चालतात तेव्हा डोकं चालवायचं नाही, हा या धंद्याचा पहिला नियम. टाकीच्या पोटात गुडुक आवाज झाला की भावजी "पचलं" म्हणत आणि मगच चहा घेत, त्यावरून बाजारानं त्यांचं नाव ढेकरे ठेवलं होतं. एकदा तर कचेरीतून त्यांना 'श्री. ढेकरे' असं पत्र गेलं. मीच टाईप केलं होतं, सवयीनं.

टाकीचं पथ्य मोठं कडक. लिंबाची सालं बंद, कारण तिला आंबट चालत नाही. कांदा आठवड्यातून एकदा. सोमवारी नुसता पाला, कारण रविवारी खानावळींचं तेलकट तिला जड जातं. स्वतःचा रक्तदाब वाढलेला, डॉक्टरांनी मीठ कमी करा म्हणून तीनदा बजावलेलं, ते यांनी एक दिवस पाळलं नाही. कुणाकडे जेवायला गेले तर यांचं लक्ष स्वतःच्या ताटात नसे, दुसऱ्यांनी काय टाकलं त्यावर असे. पाहुण्यांनी ताट चाटूनपुसून स्वच्छ केलं की यांचं तोंड एवढंसं होई. ताई टाकीला सवत म्हणायची. "काय, आज सवतीचं पोट साफ आहे का?" असं सकाळी विचारायची, आणि तेही सरळपणे, "थोडी सुस्त वाटली," असं उत्तर द्यायचे.

दुसरा गुण, किंवा अवगुण म्हणा, असा की हा माणूस नियमाबाहेर एक पाऊल टाकायचा नाही. रिकाम्या रस्त्यावरसुद्धा सिग्नल लाल असला की उभा. आवारातली 'येथे थुंकू नये' ही पाटी रोज पूर्ण वाचूनच आत जात. न जाणो, काल रात्रीत मजकूर बदलला असेल. "हुकूम म्हणजे हुकूम," हे वाक्य मी त्यांच्या तोंडून इतक्या वेळा ऐकलं आहे की झोपेतही टाईप करून देईन.

तर आमच्या कचेरीत नवे साहेब आले आणि त्यांच्या पाठोपाठ स्वच्छता तपासणीची बातमी. वरून तीन जणांची समिती येणार, शहर स्वच्छ दिसलं तर बक्षीस. साहेबांनी येरझारा घालत चौदा कलमी हुकूम सांगितला. नववं कलम असं: पालिकेच्या कोणत्याही जागेत कचरा चोवीस तासांपेक्षा जास्त राहता कामा नये, अशी प्रत्येक जागा रिकामी करावी, फिनेलने धुवावी व आतून चुना मारावा. सोबत जागांची यादी जोडा म्हणाले. मी जुन्या नोंदवहीतून यादी उतरवून काढली. कचराकुंड्या, गटारांची तोंडं, बाजाराची शेड. तेविसाव्या नंबरावर होती गॅसची टाकी. शेंगदाणे खात खात मी ती टाईप केली, चोवीस नंबरावर गेले, आणि सही होऊन हुकूम बाहेर पडला.

संध्याकाळी घरी आले तर भावजी पुढ्यात तो कागद घेऊन बसलेले. समोर चहा निवला होता, वर साय धरली होती.

"काय झालं हो?" मी विचारलं.

"चोवीस तास लिहिलंय," ते म्हणाले. "तिला एक घास पचवायला चाळीस दिवस लागतात."

भावजींनी नीट समजावून सांगितलं, जसं ते शाळेच्या सहलीतल्या पोरांना सांगत. टाकीतला जो काळा पातळ काला आहे, त्यात डोळ्याला न दिसणारे कोट्यवधी जीव आहेत. गॅस तेच करतात, टाकी ही नुसती त्यांची खोली. फिनेल म्हणजे त्यांना विष. एकदा मेले की पुन्हा धरायला तीन-चार महिने, आणि या थंडीत धरतीलच याची खात्री नाही. "आणि चार महिने बंद पडलेली टाकी कोण ठेवतो?" ते म्हणाले. "पत्रा भंगारात जाईल आणि जागेवर सायकलींचा स्टँड होईल."

कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात, तो दांडा त्यांच्यासमोर बसून त्यांच्याच घरची भाकरी खात होता. ते विचारतील, ही यादी कुणी केली, म्हणून मी जेवणभर मान वर केली नाही. त्यांनी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी साहेबांपुढे उभी राहिले. म्हटलं, टाकी कचऱ्याची जागा नाही, यंत्र आहे, तिला चाळीस दिवस लागतात.

"मग चोवीस तासांत करायला सांगा," साहेब म्हणाले.

"कुणाला साहेब?"

"संबंधितांना."

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. "साहेब, समोर प्रसूतिगृह आहे. तिथल्या बायकांना नऊ महिन्यांचं काम चोवीस तासांत उरका, असा हुकूम काढाल का?"

साहेबांनी खरोखर विचार केला. "तो विभाग माझ्याकडे नाही," ते म्हणाले. "आणि एक अपवाद केला की अपवादांची यादी करावी लागते. ती कोण टाईप करणार? तुम्हीच ना?"

पालथ्या घड्यावर पाणी. मी परत आले तोवर भावजींनी स्वतःच उपाय काढला होता. वाटीभर विरजण राहिलं तर पातेलंभर दही होतं, एवढी साधी गोष्ट. टाकीत वीस हजार लिटर काला होता. त्यातला दोन हजार लिटर वाचवला, उबेत ठेवला आणि रोज चार घास घातले, तर धुतलेली टाकी पुन्हा धरेल. म्हणजे वीस लिटरचे शंभर डबे, तपासणी होऊन टाकी पुन्हा भरेपर्यंत आठ-नऊ दिवस, शंभर घरांत.

"शंभर घरं हा घाण काला घेतील?" ताई म्हणाली.

"विचारून बघू," भावजी म्हणाले.

विचारलं मोठ्या सिस्टरनी. या प्रसूतिगृहातल्या मुख्य परिचारिका. आवाज असा की बाळं त्यांना घाबरून वेळेवर जन्मतात. अकरा वर्षांतल्या बाळंतिणींची नोंद त्यांच्याकडे होती. त्या घरोघर गेल्या आणि दारातच म्हणाल्या, "तुमचं पोर ज्याच्यावर तापलेल्या पाण्यात न्हालं, ते आता अडचणीत आहे. एक डबा सांभाळायचा आहे." प्रत्येक घरात न्हालेलं एखादं पोर होतंच. नाही कोण म्हणणार? शहाण्णव घरं झाली. सत्त्याण्णवावं घर एका निवृत्त हेडमास्तरांचं, त्यांची नात तिथली. उरलेले तीन डबे आमच्याकडे.

"शेवटी सवत घरात आणलीत," ताई म्हणाली आणि स्वतःची लोकरीची शाल डब्याभोवती गुंडाळली.

सूचनापत्रक मी टाईप केलं. डबा उबेला ठेवणे. दुलई पांघरणे. बारीक चिरलेला पाला रोज एक मूठ, जास्त नाही. बुचाला भोक पाडून त्यावर फुगा बांधणे, कारण आत गॅस होत राहणार, त्याला जागा हवी. फुगा फुगला म्हणजे प्रकृती ठीक. फुगे खेळण्यांच्या दुकानातून आणले, त्यामुळे लाल, पिवळे, एकावर तर सशाचे कान.

इथपर्यंत सगळं शहाणपणाचं होतं. मग भावजींनी शेवटची सूचना सांगितली: रोज सकाळी सात वाजता प्रत्येकानं आपला डबा शेजारच्या घरी द्यायचा.

"का?" मी विचारलं.

"एका जागी चोवीस तासांपेक्षा जास्त राहता कामा नये."

"अहो भावजी, ते पालिकेच्या जागेला! लोकांच्या घरांना नाही!"

"नियमाचा हेतू बघायचा असतो," ते म्हणाले.

मी डोक्यावर हात मारला, पण टाईप केलं. वीस लिटरचा डबा उचलून नेणं सोपं नाही, म्हणून बायकांनी माळ्यावरच्या जुन्या बाबागाड्या काढल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता आमच्या गल्लीतून बाबागाड्यांची रांग निघाली. प्रत्येकीत दुलईत गुंडाळलेला एक डबा, वर डुलणारा फुगा. एक परका माणूस थांबून आत डोकावला आणि चाल वाढवून निघून गेला. तिसऱ्या दिवसापर्यंत दारादारांत गप्पा सुरू झाल्या. "काल तुमचा आला होता, रात्रभर गुडगुड." "आमच्याकडे होता तेव्हा शांत होता हो, तुमच्याकडे काय खायला घातलंत?" एका घरात नवराबायकोचं भांडण झालं, डबा कुणाच्या बाजूला ठेवायचा यावरून. एकीनं आपल्या डब्याची दृष्ट काढली, हे मी स्वतः पाहिलं.

हेडमास्तर एकटे राहत. मुलगा-सून नातीला घेऊन दूर गेलेले. त्यांनी डबा शेजारी द्यायला साफ नकार दिला. नियम मोडून स्वतःपाशीच ठेवला आणि मूठभर पाल्यावर काय भागतंय म्हणून त्याला दूध, बिस्किटं, मध असं सगळं भरवलं. पहिल्या दिवशी फुगा कलिंगडाएवढा झाला. चौथ्या दिवशी मऊ पडला आणि डब्यातून आंबूस वास सुटला. भावजींनी बूच काढून हुंगलं आणि परत लावून टाकलं.

"लाडानं गेला, मास्तर," ते हळूच म्हणाले.

हेडमास्तर रडले. मी अशा वेळी हसणारी बाई आहे, पण मला हसू आलं नाही. ताईनं आमच्या डब्यातला अर्धा काढून त्यांना दिला आणि त्यांचं दुधाचं पातेलं सोबत उचलून आणलं.

इकडे भावजी टाकी धुवत होते. विरजण काढून घेतल्यावर बाकीचा काला शेतांना आणि बागांना खत म्हणून गेला. मग दोन दिवस टाकीत हवा खेळवून ते स्वतः शिडीनं आत उतरले. मी म्हटलं, थोडं वरवर करा, कोण बघतंय. पण अर्धवट काम त्यांच्या रक्तात नाही. तीन वेळा फिनेल, दोन हात चुना. बाहेर आले ते पांढरेफटक, फक्त डोळे लाल. चुन्यानं झाले असतील. मी विचारलं नाही.

समिती सहाव्या दिवशी आली. तिघांनी टॉर्च मारून टाकीत पाहिलं. आत लख्ख पांढरं, जेवायला बसावं इतकं स्वच्छ.

"हे काय आहे?" अध्यक्षांनी विचारलं.

"कचरा प्रकल्प," साहेब म्हणाले.

"कचरा कुठे आहे?"

"मुळीच नाही."

"उत्कृष्ट," अध्यक्ष म्हणाले आणि लिहून घेतलं.

परत जाताना त्यांनी खिडक्याखिडक्यांत फुगे पाहिले आणि साहेबांची पाठ थोपटली, जनतेचा एवढा उत्साह त्यांनी कुठे पाहिला नव्हता म्हणून. तेवढ्यात समितीतल्या एकाच्या पेनाचं टोक आमच्या खिडकीतल्या फुग्याला लागलं. फुगा फुटला आणि जो वास सुटायचा तो सुटला. तिघेही जागच्या जागी थांबले. ताई खिडकीतच उभी होती. तिनं साहेबांकडे पाहिलं. मग समितीनंही साहेबांकडे पाहिलं. साहेब कानापर्यंत लाल झाले आणि पुढचा रस्ता सगळ्यांनी भराभर चालून संपवला. त्या संध्याकाळी घरात आम्ही इतक्या दिवसांत पहिल्यांदा पोटभर हसलो.

पण काम संपलं नव्हतं. टाकी पुन्हा भरायची तर भावजींना हुकूम हवा होता. "हुकुमानं रिकामी केली, हुकुमानंच भरायची," म्हणून ते रोज वाट बघत बसले. सातवा दिवस गेला, आठवा गेला. थंडी वाढली. लोकांचा उत्साह उतरू लागला. एका घरी पाहुणे आले, एकीची कंबर धरली. डबे एकेक करून परत येऊन आवारात उभे राहिले. फुगे सुरकुतायला लागले. मोठ्या सिस्टर घरून दोन किटल्या गरम पाणी आणून बाळांना अंघोळ घालत होत्या आणि जाता-येता भावजींना म्हणत, "ढेकरे, कधी?" भावजींची झोप उडाली. ते मध्येच उठून डब्यांवरच्या दुलया नीट करून येत.

दहाव्या दिवशी साहेबांनी मला बोलावलं. चेहरा उजळलेला. पहिलं बक्षीस आलं होतं, आणि समितीनं टाकीचा खास उल्लेख केला होता. "घ्या," ते म्हणाले. "सदर टाकी आदर्श म्हणून घोषित झाली असल्याने पुढील तपासणीपर्यंत, म्हणजे तीन वर्षे, जैसे थे ठेवावी. तीत कोणताही पदार्थ टाकू नये."

मी मशीनपाशी येऊन बसले. बोटं कळांवर ठेवली. या वेळी डोकं चालू होतं, आणि बंद होईना. तीन वर्षं! बावीस वर्षांत त्या कचेरीत मी स्वतःचं एक वाक्य लिहिलं नव्हतं. त्या दिवशी लिहिलं: तपासणी पूर्ण झाली असल्याने सदर टाकी तात्काळ पूर्ववत भरून कार्यान्वित करावी. मग तो कागद दुसऱ्या तेरा कागदांच्या मधोमध घातला आणि साहेब फोनवर अभिनंदन घेत असताना पुढे ठेवला. त्यांनी चौदाही सह्या केल्या, एकाही कागदाकडे न बघता. मला वाटलं होतं माझं काळीज फुटेल. काही झालं नाही. एवढं सोपं असतं हे कुणी सांगितलं नव्हतं.

मी कागद पर्समध्ये घालून जवळजवळ पळतच आवारात गेले. डबे ओळीनं उभे होते. भावजी पायरीवर बसले होते.

"आला," मी धापा टाकत म्हणाले. "हुकूम आला. घ्या, वाचा!"

त्यांनी कागद घेतला, दोनदा वाचला. "सही खरी आहे?"

"सही खरी आहे."

"आणि मजकूर?"

मी पर्सचा बंद नीट करायला लागले.

"साहेब 'पूर्ववत' म्हणत नाहीत," ते म्हणाले. "'जैसे थे' म्हणतात." आणि कागद घडी करून माझ्या हातात परत दिला.

मला वाटलं, संपलं. हा माणूस आता खोट्या हुकुमावर काही ओतणार नाही, तीन वर्षं चुना मारलेली रिकामी टाकी सांभाळत बसेल. मला असा संताप आला की मी म्हटलं, मरू दे, मीच ओतते, आणि जवळचा डबा दोन्ही हातांनी जोर लावून उचलला. तो इतका हलका निघाला की मी मागच्या मागे पडले. रिकामा होता. दुसरा हलवला, तोही रिकामा. सगळे रिकामे.

"पहाटेच ओतले," भावजी म्हणाले. "तुझी ताई होती, सिस्टर होत्या, मास्तर होते. आधी एकेका फुग्याचा गॅस काडीवर सोडून बघितला. ब्याण्णव निळे जळले, म्हणजे आत जीव होता."

"हुकुमाशिवाय?"

"तो काय येणार ते कळत होतं. आल्यावर ओतलं असतं तर मोडला असता. येण्याआधी ओतलं की मोडत नाही."

"मग मला सांगायला काय झालं होतं?" मी ओरडलेच. "मी तिकडे नोकरी पणाला लावून खोटं लिहितेय!"

"तुला सांगितलं असतं तर साहेबांच्या तोंडाकडे बघून खोटं बोलावं लागलं असतं," ते म्हणाले. "तुला जमत नाही ते."

तेव्हा मात्र माझ्याच्यानं राहवेना. बसल्या जागी, त्या रिकाम्या डब्यांच्या मध्ये, मी सांगून टाकलं. यादी मीच केली होती. तेवीस नंबर मीच टाईप केला होता, शेंगदाणे खात.

"माहीत आहे," भावजी म्हणाले. "हुकुमाच्या खाली डाव्या कोपऱ्यात टायपिस्टच्या नावाची अक्षरं असतात. मी कागद पूर्ण वाचतो."

पहिल्या दिवसापासून माहीत होतं. अकरा दिवस माझ्या शेजारी बसून जेवले, ताईला 'हिला वाढ' म्हणाले, आणि एक शब्द काढला नाही. मी पदरानं तोंड झाकून रडले, मोठ्यानं, बाजारातली माणसं बघत असताना. ते शेजारी बसून राहिले. त्यांना अशा वेळी काय करायचं कळत नाही, ते डब्यावरची दुलई नीट करत राहिले.

पुढच्या आठवड्यात प्रसूतिगृहात पाणी तापलं. टाकीबाहेर 'आदर्श टाकी' अशी पितळी पाटी लागली आणि साहेब तिच्यासमोर फोटो काढून गेले. आत डोकवायला त्यांना सवड नव्हती. पण हे नंतरचं. त्या दिवशी मी डोळे पुसून उठले आणि पहिली गोष्ट मनात आली ती पुराव्याची. तो कागद कुणाच्या हाती लागला तर माझी नोकरी गेली. मी त्याचे चार तुकडे केले आणि टाकीच्या तोंडाशी गेले. कचरा नाहीसा करायला याहून चांगली जागा कुठे मिळणार?

भावजींनी धावत येऊन माझं मनगट धरलं. इतकं घट्ट त्यांनी मला कधी धरलं नव्हतं.

"वेडी आहेस का?" ते म्हणाले. "आत्ता कुठे धरतंय. शाई सोसणार नाही तिला."